मागच्या दाराची वाट

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
८ फेब्रुवारी १९९३

इडा,

देव तुझं भलं करो.

तू पाठवलेल्या चिपांच्या पाच जोड्यांपैकी एक मोडली. आधी खर्च सांगतो, मग बाकीचं. वाया गेलेलं सोनं: अडीच सेंटचं. चिनी मातीची डबी: अडतीस डॉलर. आतल्या दोन चिपांची किंमत तू लिहिली नाहीस, पण खोक्यावर स्वतःच्या अक्षरात तीन वेळा ‘जपून’ लिहिलंयस, त्यावरून मी काय ते समजलो. माझे चार तास. आणि त्या वेळी हर्मिनियाला मी जे बोललो, त्यापायी दुसऱ्या दिवशी न्यावा लागलेला एक गोड पाव. तो तिने दुकानातल्या सगळ्यांना वाटला, मला सोडून. हा शेवटचा खर्च सगळ्यात मोठा.

मोडली कशी, तर हर्मिनियाचा कोपर टेबलाला लागला. तिचं म्हणणं वेगळं आहे. तिचं म्हणणं नेहमीच वेगळं असतं.

आता माझा प्रश्न. सव्वीस वर्षं मी हा धंदा करतोय. एक चिप, एक डबी. चिप डबीत चिकटवायची, तिच्या कडेच्या ठिपक्यांपासून डबीच्या पायांपर्यंत सोन्याच्या तारा ओढायच्या, झाकण लावायचं, पुढचं गिऱ्हाईक. तू एका डबीत दोन घालायला सांगतेस. एक मोठी, एक लहान, शेजारी शेजारी. आणि दोघींच्या मध्ये एक्क्याऐंशी तारा अशा, की ज्या बाहेर कुठेच जात नाहीत. हिच्यातून निघतात आणि तिच्यात शिरतात. हर्मिनिया मायक्रोस्कोपातून बघून म्हणाली, “या दोघी कुंपणावरून गप्पा मारतायत.” मी म्हटलं, “मारू देत. तू तारा मोज.” ती म्हणाली, “मोजल्या. पण बोलतायत काय ते विचार की तुझ्या भाचीला.”

म्हणून विचारतो. केसाच्या तिसऱ्या हिश्श्याची तार ओढताना ती कशासाठी आहे ते माहीत असलं, तर हात शांत राहतो.

फोनच करणार होतो. पण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतेस आणि मागे तुझी बोटं कळफलकावर चाललेली मला ऐकू येतात.

तुझा
देलमारमामा

•

बीव्हरटन, ओरेगन
१५ फेब्रुवारी १९९३

मामा,

आशीर्वाद द्या.

कळफलकाचं खरं आहे. हे पत्र हाताने लिहितेय, खिडकीशी बसून. बाहेर पाऊस असा पडतोय की पडतोय की नुसता हवेत उभा आहे ते कळत नाही. इथे तो असाच असतो.

त्या दोघी काय बोलतात ते सांगते. आपली जर्दाळू चिरायची शेड आठवा. आई टेबलाशी उभी. डाव्या हाताने फळ उचलायची, उजव्या हातातली सुरी एकदाच गोल फिरायची, बी खालच्या डब्यात, दोन वाट्या ट्रेवर. मी टेबलाखाली बसून बियांचा आवाज मोजायचे. टप, टप, टप. आणि मग आवाज थांबायचा. आई थकली म्हणून नव्हे, पेटी संपली म्हणून. बागेत फळांचे ढीग होते. पण बागेतून शेडपर्यंत गल्ली एकच, आणि त्या गल्लीत ट्रक, ट्रे वाहणाऱ्या बाया, फळांना धुरी द्यायच्या गंधकाच्या खोलीकडे जाणारा गाडा, आजोबांचा आडवा झोपलेला कुत्रा. पेटी त्या सगळ्यांमधून येईपर्यंत आई सुरी हातात धरून उभी.

प्रोसेसर म्हणजे ती. सेकंदाला सहा कोटी वेळा हात पुढे करतो, आणि बहुतेक वेळ रिकाम्या पेटीपुढे उभा असतो. म्हणून त्याच्यासाठी आत्ता लागेल तेवढा माल टेबलालगत रचून ठेवतात. ती कॅश मेमरी. तुमच्या डबीतली लहान चिप ती. पण आजवर ही रास ठेवतात त्याच मोठ्या गल्लीच्या तोंडाशी, जिथून पडदा, डिस्क, छापायचं यंत्र, सगळ्यांची ये-जा. माल चार बोटांवर आहे आणि वाट अडलेली.

आठवतं ना, मग आजोबांनी शेडच्या मागच्या भिंतीला दार पाडलं? बरोबर आईच्या पाठीशी. त्या दारातून फक्त तिच्या पेट्या यायच्या, दुसरं कुणी नाही. त्यानंतर बियांचा आवाज थांबलेला मला आठवत नाही. मी त्या आवाजात झोपून जायचे.

तुमच्या त्या एक्क्याऐंशी तारा म्हणजे ते दार आहे, मामा. चार वर्षं मी तेवढं एकच करतेय.

आमचे मुख्य, नॉरलिंग, यांना ते पटत नाही. ते म्हणतात, एका डबीत दोन घातल्या आणि एक बिघडली, की चांगली चिपसुद्धा फेकायची. असला संसार कोण करतं? २ एप्रिलला ते स्वतः येऊन बघणार आहेत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पूर्ण वेगाने, न थांबता चाललं पाहिजे. चाललं तर पुढच्या प्रोसेसरला मागचं दार मिळेल. नाही तर भिंत लिंपून टाकायची, आणि माझी रवानगी छापायच्या यंत्रांच्या विभागात. नव्या चिपा बनवायला पाच महिने लागतात, तेव्हा उरलेल्या चार जोड्याच आमच्या सगळ्या.

एक मागणं आहे. तारा तुम्ही स्वतः ओढा. दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका.

तुमची
इडा

•

सनीव्हेल
२६ फेब्रुवारी १९९३

इडा,

देव तुझं भलं करो.

पहिली डबी आजच्या टपालाने निघाली. सगळ्या तारा माझ्या हातच्या. हर्मिनियाने फक्त डबी पुसली, आणि तेवढ्यासाठीही मला दोन वेळा विचारलं, “हात लावू ना? भाची रागवणार नाही ना?”

तुझ्या दाराच्या गोष्टीत एक दुरुस्ती. दार तुझ्या आजोबांनी पाडलेलं नाही. ते त्या रविवारी फेस्ताच्या सणाच्या मिरवणुकीत, नवा कोट घालून, चांदीचा मुकुट धरणाऱ्यांच्या मागे चालत होते. सगळं गाव देवळापाशी सोपासच्या रश्श्याच्या पातेल्यांभोवती. तुझी आई, फिलोमेना, गेली नाही. मला म्हणाली, “देलमार, पहार आण.” मी म्हटलं, “बाबा मारतील.” ती म्हणाली, “मारतील तेव्हा मारतील. इथे उभं राहून माझे पाय मरतायत त्याचं काय?” आणि तिने सहा फळ्या काढल्या. एकटीने. मी फक्त खिळे वेचले.

संध्याकाळी बाबा आले. सोपासमधल्या पुदिन्याचा वास येत होता त्यांच्या कोटाला. भोकाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. आम्ही दोघं भिंतीला चिकटून. ते म्हणाले, “आणि चौकट कोण लावणार?” मग कोट काढून खुंटीला लावला आणि चौकट लावायला बसले. तुला हातोडा त्यांच्या हातात आठवतो, तो त्यामुळे. तू लहान होतीस. आणि ती स्वतः कधी सांगणारी नव्हती.

तेव्हा तुझी चार वर्षं कुणाची आहेत ते लक्षात घे.

आपली बाग होती तिथे आता कुठल्याशा कंपनीच्या गाड्या उभ्या राहतात. पण कुंपणाशी एक झाड त्यांनी राहू दिलंय. या आठवड्यात फुललं. सकाळी धुकं असतं तेव्हा खोड दिसत नाही, फांद्या दिसत नाहीत, नुसती पांढरी फुलं हवेत थांबलेली. मी दुकान उघडायच्या आधी तिथे गाडी लावतो आणि काच खाली करून बसतो. मधमाश्या ऐकू येतात. पंचेचाळीस सालची मधमाशी आणि आजची मधमाशी, आवाजात काडीचा फरक नाही.

कामाचं म्हणशील, तर मी हल्ली तारा कानाने ओढतो. सुई ठिपक्यावर टेकते तेव्हा नीट बसलेली तार ‘टक्’ म्हणते आणि न बसलेली ‘टप्’. हर्मिनिया म्हणते हे माझं वेड आहे. असेना.

तुझा
देलमारमामा

•

बीव्हरटन
९ मार्च १९९३

मामा,

आशीर्वाद द्या.

आधी चांगलं सांगते. तुमची डबी उठली, सुरू झाली. पहिल्याच वेळी. मागचं दार बंद ठेवून जे गणित एकोणीस मिनिटं घेत होतं, ते दार उघडल्यावर सात मिनिटांत झालं. खोलीत आम्ही तिघं होतो. मी पडद्याकडे बघत होते आणि खरं सांगते, मला बियांचा आवाज येत होता.

चाळिसाव्या मिनिटाला ती बंद पडली.

थंड होऊ दिली की पुन्हा उठते. गरम झाली की पुन्हा पडते. सात वेळा केलं, सात वेळा तेच. याचा अर्थ तुम्हाला मी सांगायला नको. एखादी तार नुसती टेकलीय, बसलेली नाही. उष्णतेने उचलली जाते.

मामा, माझ्या रेखाटनात चूक नाही. मी ते सात वेळा तपासलंय, ठिपका न् ठिपका, बोट ठेवून. त्यातली एकही रेघ चुकीच्या जागी जात नाही, हे मी नॉरलिंगसमोरही सांगितलं आणि कुणाहीसमोर सांगेन. म्हणजे उरला हात.

तुमचा हात मला माहीत आहे. म्हणून विचारणं भाग आहे. या तारा हर्मिनियाबाईंनी ओढल्या का? आधीची जोडी त्यांच्या कोपराने गेली. त्यांचं वय झालंय, माणूस थकतं, मी समजू शकते. पण तसं असेल तर मला सांगा. नॉरलिंग म्हणतायत, उरलेल्या तीन जोड्या इथल्याच एका मोठ्या कारखान्यात द्या. मी अजून हो म्हटलेलं नाही. पुढच्या आठवड्यात सांगायचंय.

काल दुपारी टेबलावरच डोळा लागला. स्वप्नात एक गाव होतं. बरोबर दोन हजार अठ्ठेचाळीस घरं, कारण लहान चिपमध्ये माल ठेवायची तेवढीच घरं आहेत. सगळी सारखी, पांढरी, पावसात भिजणारी. कुणीतरी माझं सामान त्यातल्या एका घरात ठेवलं होतं आणि मला नंबर आठवत नव्हता.

तुमची
इडा

•

सनीव्हेल
१३ मार्च १९९३

इडालिना,

हे पत्र हर्मिनिया पिमेंटेलचं आहे. कोपरवाली.

तुझं पत्र आलं ते तुझ्या मामाने मला मोठ्याने वाचायला सांगितलं. मी वाचत गेले, आणि वाचता वाचता माझंच नाव आलं. तो म्हणाला, “तेवढं सोड, पुढे वाच.” मी म्हटलं, “सोडत नाही. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कुणी लिहिलं नव्हतं, आता लिहिलंय तर पूर्ण वाचणार.” आणि वाचलं. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

आता तू हुशार आहेस. स्वतःला आलेलं पत्र माणूस दुसऱ्याकडून का वाचून घेतो, याचा विचार कर.

त्याच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय आणि डाव्यात उतरतोय. वर्ष झालं. आलेली पत्रं मी वाचते. तुला लिहितो ती तो सांगतो आणि मी उतरवते. अक्षर बघ, हे आणि मागच्या दोन पत्रांतलं एकच आहे. मायक्रोस्कोपात त्याला काय दिसतं मी विचारलं, तर म्हणाला, “धुक्यातली फुलं.” मी म्हटलं, “फुलांना तार जोडता येत नाही, देलमार.” तर तीन दिवस बोलला नाही. गिऱ्हाइकांना कळलं तर दुकान बंद होईल ही त्याची भीती, आणि ती खोटी नाही.

पहिली जोडी त्याने मोडली. माझा कोपर टेबलापासून दोन हात लांब होता. पाव मी सगळ्यांबरोबर खाल्ला, कारण पावाचा काही दोष नव्हता.

तुझ्या डबीला मी हात लावलेला नाही, पुसण्यापलीकडे. तू लिहिलं होतंस ना, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका. ते वाक्य त्याने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, आणि तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला ते तू बघितलं नाहीस. त्यानंतर त्याला सांगणं शक्यच नव्हतं.

मी तुझ्या आईच्या शेजारच्या टेबलावर नऊ हंगाम जर्दाळू चिरलेत. तू टेबलाखाली असायचीस, माझे जोडे सोडायचीस. तुझी चिप कुठे द्यायची ते तू ठरव, मी काही मागत नाही. फक्त सांगते की माझे डोळे चांगले आहेत.

हे पत्र मी लिहिलंय हे त्याला माहीत नाही. आणि कळायला नको.

हर्मिनिया

•

बीव्हरटन
१८ मार्च १९९३

मामा,

आशीर्वाद द्या.

घाईत लिहितेय. उरलेल्या तिन्ही जोड्या तुमच्याकडेच राहतील. नॉरलिंगना कळवलं. ते म्हणाले, “तुझं दार, तुझी जोखीम.” मी म्हटलं, हो.

फक्त आमच्याकडे एक नवा नियम निघालाय. इतक्या नाजूक कामाला दोन माणसं लागतात. एकाने सुई चालवायची, दुसऱ्याने प्रत्येक तार ऐकायची आणि वाईट वाटली तर तिथेच थांबवायचं. कान तुमच्यापेक्षा चांगला कुणाचा मला माहीत नाही, तेव्हा ऐकायला तुम्ही बसा. सुईवर हर्मिनियाबाई बसतील असं मी कागदावर लिहून दिलंय. त्यांना विचारून घ्या, मला विचारायचा धीर नाही. मागच्या पत्रात मी त्यांच्याबद्दल जे लिहिलं, त्याची वेगळी चिठ्ठी त्यांच्या नावे सोबत आहे. ती तुम्ही उघडू नका.

रेखाटन तेच. त्याला हात लावायची गरज नाही.

एकच डबी आली तरी चालेल, पण एकतीस तारखेच्या आत.

तुमची
इडा

•

सनीव्हेल
२६ मार्च १९९३

इडा,

देव तुझं भलं करो.

नियम छान आहे. असले नियम काढणारी कंपनी मी ओळखतो. तिचं ऑफिस माझ्या दुकानात खिडकीशी आहे आणि ती दुपारी सार्डिन मासे खाते. हे वाक्य लिहून घेताना ती आत्ता मला म्हणतेय, “मी काही लिहिलं नव्हतं.” मी म्हटलं, “लिही, की तिने काही लिहिलं नव्हतं.”

बरं. डोळा गेलाय. पहिली जोडी मी मोडली. पडली ती तारही माझीच. ती चौसष्टावी, वीज नेणारी. ‘टप्’ झालं होतं, मी ऐकलं होतं, आणि मनाला सांगितलं की बाहेर ट्रक गेला. सव्वीस वर्षांत कानावर विश्वास ठेवला नाही असं ते पहिल्यांदाच. हे तुला सांगताना मला जितकं जड जाईल वाटलं होतं तितकं जात नाहीये. कदाचित दुसऱ्याच्या अक्षरात आहे म्हणून.

काम असं झालं. पहाटेचं धुकं खिडकीशी होतं, दुकानातली बाकीची यंत्रं मी बंद ठेवली. हर्मिनिया सुईवर, मी शेजारी डोळे मिटून. ती म्हणायची, “एक.” टक्. “दोन.” टक्. बावीस तारांनंतर मी कुठे आहे ते मला समजेना. सुरी, बी, डबा. तुझी आई डावीकडे, हर्मिनिया उजवीकडे, मागून दारातून वारा येतोय. मी म्हटलं, “थांब.” ती म्हणाली, “वाईट झाली?” मी म्हटलं, “नाही, चांगली झाली. जरा थांब.” ती थांबली. मग म्हणाली, “मलाही.” आणि सुई पुढच्या ठिपक्यावर नेली.

सत्तेचाळिसाव्याला ‘टप्’ झालं. तिला मायक्रोस्कोपात ती ठीक दिसत होती. माझं ऐकून तिने काढली, तर खाली ठिपक्यावर धुळीचा कण निघाला. तेव्हापासून ती माझ्या कानाला वेड म्हणत नाही. हे ती उतरवायला तयार नव्हती, मी पैज लावून उतरवून घेतोय.

डबी विमानाच्या टपालाने निघाली. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन १४ एप्रिलला आहे. गिऱ्हाइकांना मी स्वतः फोन करून सांगितलं. दोघं गेले, बाकीचे म्हणाले, “हर्मिनिया आहे ना, मग काय?” इतकी वर्षं मी समजत होतो की लोक माझ्याकडे येतात.

२ तारखेला मी देवळात मेणबत्ती लावीन. दार तुझ्या आईचं आहे, तिलाही सांगेन.

देलमारमामा
आणि उतरवून घेणारी हर्मिनिया, जिला चिठ्ठी मिळाली. पुन्हा असं लिहू नकोस, चष्मा ओला होतो.

•

बीव्हरटन
६ एप्रिल १९९३

मामा, हर्मिनियाबाई,

आशीर्वाद द्या, दोघंही.

फोनवर तुम्हाला ‘चाललं’ एवढंच सांगितलं. बाकीचं आता सांगते.

नॉरलिंग सकाळी आठला आले. खुर्ची ओढून बसले, वर्तमानपत्र उघडलं, जणू स्टेशनवर गाडीची वाट बघतायत. चाळीस मिनिटं झाली तेव्हा मी घड्याळाकडे बघत होते. एकेचाळीस. पन्नास. साडेदहाला त्यांनी डबीवर बोट ठेवून बघितलं आणि चटका बसल्यासारखं काढलं. दुपारी जेवायला गेले आणि माझी खात्री होती की ते परत येण्याआधी ती पडेल. पडली नाही. बाहेर पाऊस थांबून पुन्हा सुरू झाला. चार वाजता ते दार उघडायचं आणि बंद करायचं बटण स्वतः चालवून बघत होते, लहान मुलासारखे. एकोणीस मिनिटं, सात मिनिटं. एकोणीस, सात. साडेपाचला वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, “मिस मशादो, हा संसार चालेल असं दिसतंय.” मी फक्त मान हलवली. बोलले असते तर रडले असते.

तेव्हा पुढच्या प्रोसेसरला मागचं दार असणार. ठरलं. कागदावर सही झाली. उरलेल्या दोन जोड्याही तुमच्याच दुकानात बांधून घ्यायच्या, हे त्याच कागदावर आहे.

आता जे फोनवर सांगितलं नाही ते.

काल मोठ्या अहवालासाठी आतलं छायाचित्र हवं होतं, म्हणून आम्ही डबीचं झाकण उघडलं. इतक्या सुंदर तारा मी कधी बघितल्या नाहीत. एकसारख्या कमानी, एकामागे एक, ऊन पडलेल्या नांगरटीसारख्या. मी मायक्रोस्कोपातून नुसती बघत बसले. मग, बघायचं म्हणून, लहान चिपवर कोरलेले नंबर वाचत गेले.

एका रांगेतल्या अकरा तारा घराचा पत्ता नेतात. अकरा तारा, दोन हजार अठ्ठेचाळीस घरं. ती अख्खी रांग उलटी लागलीय. पहिली अकरावीच्या जागी, दुसरी दहावीच्या, अशा शेवटपर्यंत; मधली सहावी तेवढी आपल्या जागी.

तुमच्या हातून नाही. तुम्ही कागदाबरहुकूम केलंय, तंतोतंत. ज्यांनी लहान चिप बनवली त्यांनी त्या रांगेचं चित्र पाठवलं होतं ते खालच्या बाजूने बघितल्यासारखं काढलेलं. पंजा समोरून बघितला की अंगठा एका बाजूला, पाठीमागून बघितला की दुसऱ्या. मी ते वरून बघितल्यासारखं उतरवलं. बाकीच्या तारांचं पान वेगळं होतं, ते बरोबर निघालं. पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, ‘खालून’. तपासताना दर वेळी मी माझं रेखाटन त्याच पानाशी ताडून बघितलं, त्यामुळे दर वेळी जुळलं.

मग चाललं कसं? मी तासभर भिंतीला टेकून बसले तेव्हा कळलं. प्रोसेसर म्हणतो, हे एक नंबरच्या घरात ठेव. वाट उलटी असल्यामुळे ते जातं एक हजार चोवीस नंबरच्या घरात. पुन्हा हवं असतं तेव्हाही तो एक नंबरच मागतो, आणि तीच उलटी वाट त्याला त्याच एक हजार चोविसाव्या घराशी नेते. त्याला कधी कळतच नाही. घराला काही फरक पडत नाही आणि सामानालाही नाही. सकाळी आठपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत तो जवळजवळ प्रत्येक वेळी भलत्याच घरी गेला, आणि प्रत्येक वेळी त्याचं स्वतःचंच निघालं.

हर्मिनियाबाई, मी तुमच्या हाताबद्दल लिहिलं होतं. तो हात मी काल मायक्रोस्कोपाखाली पाहिला.

नॉरलिंगना आज सकाळी सगळं सांगितलं. त्यांनी छायाचित्र जवळ ओढून त्या अकरा तारा बोटाने मोजल्या. मग त्यांनी एकच विचारलं, की मी रेखाटन किती वेळा तपासलं होतं. मी सांगितलं, सात.

चुका दहा होत्या.

तुमची
इडा